दिव्यापर्यंत जाऊन ये

पैज वहिनीने लावली होती, त्यामुळे तिच्यात पळवाट नव्हती. दादाने सायकलने दिव्यापर्यंत जाऊन यायचं. जमलं, तर ती पुन्हा हॉस्पिटलचं नाव काढणार नव्हती. नाही जमलं, तर उद्या सकाळी दादा मुकाट्याने दाखल होणार होता आणि फुफ्फुसं बदलण्याच्या यादीत नाव लागायच्या आधी ज्या तपासण्या करतात त्या सगळ्या करून घेणार होता. उद्याची खाट हुकली तर ती दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. पुढची केव्हा रिकामी होईल हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. दादाच्या हाताशी फार दिवस नाहीत, एवढं मात्र त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

वहिनी लोकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन ओट्यांची मापं घेते. तिच्या पर्समध्ये कायम मोजपट्टी असते म्हणून दादा तिला टेप म्हणतो. तिने माप आणायचं आणि दादाने त्या मापाचा दगड कापायचा, असा त्यांचा धंदा चालला होता. दगड खाणीतला नव्हे. कारखान्यात चुरा आणि राळ दाबून केलेला, चकचकीत, कशाचाच डाग न पडणारा. तो कोरडा कापला की पिठासारखी धूळ उडते. पाणी सोडत कापला तर उडत नाही, पण सगळा चिखल होतो आणि काम रेंगाळतं. दादा आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचा भोंगा, दोघंही नाकाला रुमाल बांधून वर्षानुवर्षं कोरडंच कापत राहिले. भोंग्याला हे नाव आवाजावरून पडलं होतं. दोन ग्राइंडर चालू असतानाही त्याचं बोलणं रस्त्यावर ऐकू जायचं.

"डाग पडणार नाही अशी मी गिऱ्हाइकाला हमी द्यायचो," दादा म्हणतो. "दगडाने शब्द पाळला. डाग माझ्या एक्स-रेत निघाले."

भोंगा आधी आजारी पडला. हेच ऑपरेशन करायला आत गेला आणि परत आला नाही. दादा त्याला सोडायला गेला होता. तेव्हापासून हॉस्पिटलचा विषय निघाला की दादा एकच वाक्य बोलायचा: भोंगा आत चालत गेला होता. चाकाची खुर्ची नको म्हणून वॉर्डबॉयशी भांडून, स्वतःच्या पायांनी. पुढे तो काही बोलायचा नाही आणि आम्हीही विचारायचो नाही. हळूहळू त्याने मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला झालंय ते फार काही नाही, बसून बसून शरीर आखडलंय, जरा हातपाय हलवले की सुटेल. एक मजला चढला की तो कठड्याला धरून उभा राहायचा आणि कुणी पाहिलंच तर खिशात किल्ली शोधतोय असं दाखवायचा.

मार्ग मी शोधला. वहिनीने मला गॅलरीत बोलावून सांगितलं होतं, सोप्यात सोपा बघ. चढाचा दिलास तर म्हणेल चढ होता, खड्ड्यांचा दिलास तर म्हणेल खड्डे होते. सोप्या रस्त्यावर हरला तर त्याला बोलायला जागा उरणार नाही. मला ते पटलं. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि शोध म्हटलं की मी तो नीट घेते. समुद्राला लागून पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली एक पाणथळ जागा सापडली. तिच्यातून बांधावरून जाणारी सरळ सायकलवाट, शेवटी समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर एक जुना दीपस्तंभ. त्यालाच सगळे दिवा म्हणतात. मी नकाशावर उंचीच्या रेषा पाहिल्या. वाट कशाची आहे ते पाहिलं, बाकं कुठे आहेत, भरतीचं पाणी बांधावर येतं का, तेही पाहिलं. माझा हिशेब असा होता की दादा पहिल्या बाकापर्यंत जाईल, बसेल, पाचेक मिनिटं पक्षी बघितल्यासारखं करेल आणि म्हणेल, चल. तिथून फाटक जवळ होतं. फाटकात गाडी, गाडीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. सगळं सुरक्षित.

फाटक वाळूच्या एका उंच टेकाडाच्या मागे होतं. टेकाडावर झुडपं दाटलेली, त्यामुळे गाड्या लावायची जागा कोंदट आणि शांत होती. फलकावर लिहिलं होतं: मार्ग सोपा. चढ नाही. सर्व वयांसाठी. इंजिनाच्या गाड्यांना पलीकडे बंदी होती. मधल्या खाडीवरचा लाकडी पूल तेवढं वजन पेलत नाही, असं त्याखाली बारीक अक्षरांत होतं. रुंद काठाची टोपी घातलेला एक माणूस सायकली भाड्याने देत होता. त्याच्या सायकलीला मागे दोन चाकांचा एक लांबट गाडा जोडलेला होता, कुंपणाचे खांब आणि तारा न्यायचा.

दादाने गाड्याकडे पाहून त्याला विचारलं, यात माणसं पण नेता का. टोपीवाला म्हणाला, खांब तक्रार करत नाहीत, माणसं करतात. दोघंही हसले. हसताना दादाला खोकला आला आणि त्याने तो टेकाडाकडे तोंड करून संपवला.

मी सिलिंडर पाठीवरच्या पिशवीत घालायला लागले तर दादाने तो माझ्या हातातून घेऊन परत डिकीत ठेवला.

"नळी लावून दिव्यापर्यंत गेलो तर नळी गेली म्हणतील," तो म्हणाला. "मी नाही."

मी वाद घातला नाही. पहिल्या बाकापर्यंतच तर जायचं होतं. डिकी बंद करून गाडीची किल्ली मी खिशात टाकली. दुसऱ्या खिशात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. तो दादाला माहीत नव्हता.

टेकाड ओलांडून आम्ही बांधावर आलो आणि दादा पायडल मारू लागला. डावीकडे उथळ पाणी, उजवीकडे उथळ पाणी, मधून पिवळसर खडीची वाट. मी त्याच्या मागे राहून त्याच्या खांद्यांकडे बघत होते. दम लागला की त्याचे खांदे कानांकडे चढतात. ते चढले नाहीत. पहिलं बाक आलं. दादाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घंटी वाजवून पुढे गेला.

मला आधी काळजी वाटली, मग आश्चर्य. दादा पायडल मारणं मध्येच थांबवत होता आणि सायकल तरीही चालत होती. दुसरं बाक मागे पडलं. त्याने एक हात सोडला. मग लाकडी पूल आला. फळ्यांचा खडखड आवाज झाला, आणि तो आवाज संपायच्या आत आम्ही पलीकडे होतो.

"काय संशोधक," तो मागे वळून म्हणाला. गेल्या कितीतरी महिन्यांत त्याने चालता चालता पूर्ण वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "काय म्हणतं तुझं विज्ञान? आणि हवा बघ किती छान पडलीये. वारा अजिबात नाही."

खरंच नव्हता. माझी ओढणी गळ्याशी नुसती पडून होती. पाण्याच्या कडेला शेकडो पक्षी उभे होते, करडे, लांब चोचींचे, एका पायावर, आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. दादाने तेही पाहिलं. म्हणाला, स्वागताला उभे केलेत की काय, एकजण पाठ करून उभा नाही. तो जाता जाता त्यांना पुढाऱ्यासारखा हात करत राहिला. मी हसले. मला खूप आनंद झाला होता हे मला सांगितलं पाहिजे. मला वाटलं, चूक आमचीच असेल. डॉक्टर चुकतात. एक्स-रे चुकतात. कदाचित हा खरंच बरा होतोय आणि आम्ही दोघी त्याला मरणाकडे ढकलतोय. दादाच्या अंगातला शर्ट पाठीवर सैल पडून होता, खुंटीला टांगल्यासारखा. मी त्या शर्टाकडे सगळा वेळ बघत होते आणि तो फडफडत का नाही हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

दिव्यापाशी दादा सायकलवरून उतरला. बुंध्याला हात लावला, लहानपणी पकडापकडीत भोज्याला लावायचा तसा. चेहरा लाल होता, पण तो ताठ उभा होता. मीही उतरले, सायकल वळवून टेकवली आणि आलो त्या दिशेला तोंड केलं.

वारा तोंडावर आदळला. ओढणी उडून पाठीमागे ताणली गेली. सायकल आडवी झाली. बांधावरचं सगळं गवत आमच्या बाजूला झुकलेलं होतं, आणि एकदा कळल्यावर दिसायला लागलं की ते सबंध वाटभर तसंच झुकलेलं होतं. आपण वाऱ्याच्याच वेगाने त्याच्याबरोबर चाललो की अंगाला हवा लागत नाही. शाळेतल्या मुलालाही हे समजावता येतं. आणि पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, नाहीतर वारा मागून शिरून त्यांची पिसं विस्कटतात. ते आमच्याकडे बघत नव्हते. आमच्या पाठीमागून जे येत होतं त्याच्याकडे तोंड करून उभे होते.

दादा वहिनीला फोन लावत होता. दिव्याच्या आडोशाला उभा होता, म्हणून त्याला अजून काही लागलं नव्हतं. मी त्याला थांब म्हणेपर्यंत तो बोलायलाही लागला होता. पोचलो. दम नाही, काही नाही. टेप, तू हरलीस. हॉस्पिटलला फोन करून सांग, उद्याची खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं. गरजूला.

दादाने दोनदा हॅलो केलं. मग त्याने चेहरा वेडावाकडा करून फोन माझ्यासमोर धरला, ऐक हिचं. वहिनीचा आवाज अगदी सपाट होता.

"जाऊन ये म्हटलं होतं. तू गेलायस. ये आधी."

"येतो की," दादा म्हणाला आणि फोन बंद केला. मग मला म्हणाला, मापाची माणसं, एक सूत सोडणार नाहीत.

मी त्याला सांगितलं. शक्य तितकं सोपं करून सांगितलं की आपल्याला वाऱ्याने आणलं. तू नाही आलास, दादा, वाऱ्याने आणलं. आता तोच वारा समोरून आहे आणि समोरचा वारा दुप्पट झाला की ताकद दुप्पट लागत नाही, कितीतरी पट लागते. आपण इथेच बसू, मी कुणालातरी बोलावते. मी बोलत असताना त्याचा चेहरा एकेका वाक्यागणिक बंद होत गेला. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग वाटलं, हे दोघींनी मिळून ठरवलंय.

"हरल्यावर वारा आठवला," तो म्हणाला. "येताना नाही आठवला?"

त्याने सायकल उचलली, आडोशातून बाहेर काढली आणि बसला. मी हँडल धरलं. त्याने माझा हात काढला. जोराने नव्हे, लहान मुलाच्या हातातून काचेची वस्तू काढून घ्यावी तसा.

पहिल्या थोड्या अंतरात तो खरंच गेला. रागाने गेला. पायडलवर उभा राहून, डोकं खाली घालून. मी मागून ओरडून सांगत होते की सावकाश, पण माझे शब्द मलाच ऐकू येत नव्हते, वारा ते तोंडातूनच मागे नेत होता. मग त्याचे खांदे चढायला लागले. सायकल डावीउजवीकडे व्हायला लागली. मी जोर करून त्याच्या पुढे गेले. लहानपणी शाळेतून येताना तो मला म्हणायचा, माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहा, वारा मी खातो. आता मी तेच त्याला ओरडून सांगितलं. तो काहीतरी बोलला. वळून पाहिलं तर तो हसायचा प्रयत्न करत होता.

"काडी," तो म्हणाला. "तुझा... कसला... आडोसा."

एका वाक्याचे तीन तुकडे झाले होते. तरी तो चिकटून राहिला. मी कोपरं बाहेर काढली, पाठ रुंद केली, ओढणी कमरेला बांधून टाकली. माझ्या मागे त्याच्या चाकाचा आवाज येत होता तोवर मी मागे पाहत नव्हते. पक्षी तिथेच होते. आता त्या सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या.

मग चाकाचा आवाज बंद झाला.

तो पडला नव्हता. सायकल पायांत धरून उभा होता, हँडलवर पुढे वाकलेला. मी धावत गेले तर मला हाताने थांब म्हणाला. मग खिशात हात घातला. किल्ली शोधू लागला. त्याच्याकडे कसलीच किल्ली नव्हती. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. तरी तो शोधत राहिला, आणि मला त्याचे ओठ दिसले. कागदावर सांडलेली शाई धुऊन काढल्यावर जो रंग उरतो, तो रंग.

मी त्याला बांधाच्या उतारावर, दाट गवताच्या आडोशाला खाली घेतलं. जवळजवळ ओढलं. खाली वारा नव्हता. चिखलाचा आणि मिठाचा वास होता आणि शांतता एवढी, की त्याचा श्वास ऐकू यायला लागला. तो आवाज मला ऐकायचा नव्हता. चिमटा काढून त्याच्या बोटाला लावला. त्याने चिमट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट तसंच राहू दिलं. आकडा दिसला. मी तळहात त्यावर धरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अमुकच्या खाली गेला तर एक क्षण वाट बघायची नाही. तो त्याच्या बराच खाली होता आणि अजून उतरत होता.

सायकलीच्या दांड्यावर टोपीवाल्याचा नंबर चिकटवलेला होता. मला पुन्हा वर, वाऱ्यात चढावं लागलं. फोन कानाशी धरून मी कुठे आहोत ते सांगितलं: पुलाच्या अलीकडे, म्हणजे दिव्याच्या बाजूला. मी गाडी पाठवा म्हटलं. तो म्हणाला, ताई, गाडी पुलावर येणार नाही. रुग्णवाहिका फाटकाशी बोलावतो, मी गाडा घेऊन निघतो. मी त्याला सांगितलं की आमच्या गाडीच्या डिकीत ऑक्सिजन आहे, तो आणा. त्याने विचारलं, किल्ली कुठेय? किल्ली माझ्या खिशात होती. मी ती खिशातूनच मुठीत घट्ट धरली होती.

"काच फोडा," मी म्हटलं.

तो थांबला. गाडी नवी दिसतेय, म्हणाला. दुसरा काही मार्ग आहे का बघतो.

"फोडा हो. मागची फोडा, मागची सीट पाडा, तिथून हात घाला. काही म्हणणार नाही कुणी. फोडा ना."

माझा आवाज फाटला. फोन चालूच होता. आधी त्याच्या बुटांचा आवाज आला, मग काही नाही, आणि मग दगड काचेवर आपटल्याचा आवाज. पहिल्याने फुटली नाही. तिसऱ्याने फुटली.

मी खाली आले. दादा बसला होता, गुडघ्यांवर हात रोवून, मान पुढे. मी त्याच्या मागे बसले आणि त्याची पाठ माझ्या छातीला टेकवून घेतली, म्हणजे निदान पाठ सरळ ठेवायचं काम त्याला करावं लागू नये. त्याच्या बरगड्या माझ्या हातांखाली वरखाली होत होत्या, फार भराभर आणि फार थोड्या. माझ्या मनात मूर्खासारखे आकडे चालू होते. इथून फाटक, फाटकातून इथे, तो येताना वाऱ्याबरोबर येईल, म्हणजे लवकर येईल. मग गाड्यात दादाला घालून परत. वाऱ्याविरुद्ध. दादाचं वजन, गाड्याचं वजन. मी मागून ढकलीन. तरी. मी ते गणित दोनदा केलं आणि दोन्ही वेळा ते सोडून दिलं, कारण उत्तर मला पाहायचं नव्हतं.

थोड्या वेळाने दादा बोलला. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द. मी ते जोडून घेत होते.

"भोंगा चालत गेला होता," तो म्हणाला.

"हो, दादा. माहितीये. बोलू नकोस."

त्याने मान हलवली. अजून संपलं नव्हतं.

"दारात," तो म्हणाला. "वळून. मला म्हणाला. भीती वाटते रे." मग बराच वेळ नुसता श्वास. "मी हसलो. म्हटलं. तुझा आवाज. कुठे गेला."

मी त्याच्या केसांवर हनुवटी टेकवली. त्याच्या केसांत अजूनही मला ती धूळ आहे असं वाटतं. किती दिवस झाले त्याला काम सोडून, तरी. मला म्हणायचं होतं की तू घाबरलास तरी चालेल, आम्ही हसणार नाही. ते मी म्हटलं का नुसतं मनात आणलं, मला आठवत नाही.

फोन वाजला. वहिनी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही एव्हाना फाटकाशी पोचायला हवं होतं म्हणून तिने फोन केला होता. मी सांगायला गेले आणि शब्द एकमेकांवर पडले: वारा, पूल, काच, आकडा. तिने मला मध्येच तोडलं.

"त्याला दे."

मी फोन दादाच्या कानाला लावला. ती काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. ती रागावली नव्हती एवढं कळलं. तिचा आवाज आता सपाट नव्हता. दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्याला बरंच काही बोलायचं होतं, ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. एका श्वासात मावेल एवढंच त्याने त्यातून काढलं.

"ये," तो म्हणाला.

पलीकडे वहिनी रडली नाही. तिने काहीतरी विचारलं आणि दादाने मान हलवली, जणू तिला ते दिसणार होतं. मी फोन माझ्याकडे घेतला. तिने पुन्हा विचारलं: दाखल व्हायची बॅग बरोबर आणू का? ती भरून दारामागे ठेवली होती, चार दिवसांपासून. ती पैज लावायच्याही आधीपासून.

"मान हलवतोय, वहिनी," मी सांगितलं. "हो म्हणतोय. आण."

मग मी तिला काचेचं सांगितलं. गाडी तिची होती.

"फुटली ना पण?" तिने विचारलं. "सिलिंडर निघाला ना?"

मला माहीत नव्हतं. मी दादाला उतारावर नीट टेकवलं आणि बांधावर चढले. वारा होता तसाच होता. डोळ्यांत पाणी येत होतं ते मी पुसलं आणि फाटकाच्या दिशेला पाहिलं. वाटेच्या त्या टोकाला एक ठिपका होता. मग ती सायकल झाली, मागे गाडा, गाड्यात काहीतरी हिरवं. आमचा सिलिंडर हिरवाच होता.

मी खाली ओरडले की तो येतोय, दादा, दिसतोय. दादाने हात वर केला. बोटाला चिमटा तसाच होता. त्यातला लाल दिवा मला वरूनही दिसत होता, आकडा दिसत नव्हता.

टोपीवाला पुलावर चढला. खूप भराभर येत होता आणि फार कष्ट पडत असल्यासारखं दिसत नव्हतं. मध्येच पायडल थांबवत होता, तरी येत होता. मी दोन्ही हात हलवले. त्यानेही हँडलवरचा एक हात सोडून वर केला. त्याच्या डोक्यावरची ती रुंद काठाची टोपी जराही हलत नव्हती.